आपले पान कोणते?

दिवाळी आणि पत्ते यांचे नाते जुने आहे. फराळाची ताटे उचलली, वडीलमंडळी पानसुपारीला बसली, की पोरासोरांनी पत्त्यांचा जोड काढावा आणि झब्बू, बदाम-सात नाही तर पाच-तीन-दोनचा डाव रंगवावा, हा आपल्या घरोघरचा रिवाज. म्हणून गेल्या दिवाळीत, वसुबारसेच्या संध्याकाळी, निगडीच्या प्राधिकरणात माझ्या धाकट्या बहिणीच्या घरी पाऊल टाकले आणि दिवाणखान्यातल्या सतरंजीवर पत्ते पसरलेले पाहिले, तेव्हा मला मुळीच नवल वाटले नाही. "मलाही वाटा गं," असे म्हणत मी चपला काढल्या.

"ताई, हे खेळायचे पत्ते नाहीत," बहीण दबक्या आवाजात म्हणाली. "टॅरोचे आहेत. वहिनींनी क्लास केलाय. लेकीबद्दल विचारायचंय. ती यायच्या आत."

वहिनी म्हणजे शेजारच्या बिऱ्हाडातल्या. मोठ्या सालस बाई. त्या पैसे घेत नाहीत आणि कोणाला भीतीही घालीत नाहीत. चष्मा सारखा करीत त्या म्हणाल्या, "प्रश्न नंतर. आधी तिचं पान निवडायला हवं. कोणतं पान म्हणजे तुमची लेक?"

एवढा साधा प्रश्न! पण माझी बहीण गोंधळली. एकतीस वर्षे जिला अंगाखांद्यावर वाढवले, जिच्या पायाच्या आवाजावरून आज कामावर काय झाले असेल ते ओळखते, तिचे पान कोणते हे काही तिला सांगता येईना.

भाचीची हकीकत थोडक्यात सांगते. ती इंजिनिअर. चाकणच्या एका मोटारींच्या कारखान्यात जुळणीच्या एका विभागावर तिची देखरेख असते. कंपनीने तिला विचारले होते, दोन वर्षांसाठी चेन्नईच्या कारखान्यात जाणार का? त्याच सुमारास औंधचे एक स्थळ सांगून आले होते. माणसे चांगली होती, पण तुळशीचे लग्न लागण्याआधी होकार-नकार कळवा, असा त्यांचा निरोप होता. लेक काही बोलत नव्हती, आईला झोप येत नव्हती, आणि म्हणून ही सतरंजी पसरली गेली होती.

प्रतिनिधी पान म्हणजे काय?

ज्यांनी टॅरोचा जोड पाहिला नसेल त्यांच्यासाठी दोन शब्द. हा जोड ७८ पानांचा. त्यांतली ५६ पाने आपल्या नेहमीच्या पत्त्यांच्या जातकुळीची आहेत. चार रंग, प्रत्येक रंगात एक्क्यापासून दहापर्यंत दहा पाने आणि वर चित्रे. रंगांची नावे मात्र बदाम-इस्पिक नव्हेत, तर काठी, पेला, तलवार आणि नाणे. चित्रेही तीन नाहीत, चार आहेत : राजा, राणी, घोडेस्वार आणि हुजऱ्या. हा हुजऱ्या म्हणजे आपल्या पत्त्यांतल्या गुलामाचा चुलतभाऊ समजा. उरलेल्या २२ पानांवर सूर्य, चंद्र, न्याय, संन्यासी, प्रेमी युगुल, मृत्यू अशी एकेक स्वतंत्र चित्रे असतात.

पत्ते पिसायचे, पालथे ठेवायचे, ओळीने उघडायचे आणि अर्थ लावायचा, ही झाली नेहमीची रीत. यात निवड कोणाचीच नसते. जे पान येईल ते येईल. पण जुन्या पद्धतीत पिसण्याआधी एक पान मुद्दाम, डोळे उघडे ठेवून, निवडून मध्यभागी ठेवतात. ज्याच्याविषयी प्रश्न आहे त्या माणसाच्या जागी हे पान. टॅरोवाले त्याला सिग्निफिकेटर म्हणतात. आपण त्याला प्रतिनिधी पान म्हणू. मग पुढले पहिले पान त्याच्यावर झाकायचे, दुसरे त्याच्यावर आडवे ठेवायचे आणि बाकीची भोवती व शेजारी मांडायची. प्रतिनिधी पान धरून अकरा पानांचा हा संसार.

टॅरो हे प्राचीन मिसरी लोकांचे गूढ ज्ञान आहे, असे पुष्कळांना वाटते. १७८१ साली कूर द जेबलॅं या फ्रेंच पंडिताने तसे छापले आणि ती कल्पना जगभर पसरली. पण तिला आधार नाही. टॅरोचा जन्म पंधराव्या शतकात उत्तर इटलीत झाला आणि तोही खेळायचे पत्ते म्हणूनच. मिलानच्या सरदार घराण्यांसाठी सोनेरी वर्ख लावून रंगवलेली त्या काळची पाने आजही संग्रहालयांत आहेत. आपल्या सावंतवाडीची गंजिफा आठवा. तीही खेळण्यासाठीच. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी बारा पाने, अशी १२० गोल पाने असतात. त्यांत राजा असतो, प्रधान असतो. राणीला मात्र जागा नाही!

प्रतिनिधी पानाची कल्पना छापील पुस्तकात आणणारा गृहस्थही मजेदार होता. पॅरिसच्या ज्याँ-बाप्तिस्त आलिएत याने आपले आडनाव उलट्या अक्षरांनी लिहून 'एतेला' हे टोपणनाव घेतले आणि १७७० साली पत्त्यांवरून भविष्य सांगण्याचे पुस्तक काढले. त्यात साधी ३२ पाने होती आणि वर एक जादा पान होते. हे जादा पान म्हणजे प्रश्न विचारणारा माणूस. त्या पानाचे नावही त्याने 'एतेला' असेच ठेवले होते. म्हणजे प्रश्न कोणाचाही असो, पानावर नाव शास्त्रीबुवांचेच!

केस काळे, म्हणून पान नाण्याचे

वहिनींनी पिशवीतून एक वही काढली. क्लासात उतरवून घेतलेली यादी तिच्यात होती. ती यादी मुळात आर्थर एडवर्ड वेट या इंग्रज लेखकाची. आज दुकानांतून जो जोड सर्वांत जास्त दिसतो तो त्यानेच योजलेला. डिसेंबर १९०९ मध्ये लंडनच्या रायडर कंपनीने तो काढला आणि १९११ साली चित्रांसह त्याचे सविस्तर पुस्तक आले. त्यात प्रतिनिधी पान कसे निवडावे हे वेटने सांगून ठेवले आहे.

त्याचे पहिले माप रंगरूपाचे. पिवळट किंवा तांबूस केस, गोरी कांती आणि निळे डोळे असतील, तर काठीचे पान. फिकट तपकिरी केस, करडे अगर निळे डोळे असतील, तर पेल्याचे. गडद तपकिरी केस आणि करडे किंवा पिंगट डोळे असतील, तर तलवारीचे. आणि काळे केस, काळे डोळे, सावळी कांती असेल, तर नाण्याचे.

वहिनींनी हे वाचून दाखवले आणि खोलीत क्षणभर शांतता पसरली. मी सगळ्यांकडे पाहिले. बहीण, वहिनी, कोपऱ्यातल्या खुर्चीवर वर्तमानपत्रामागे दडलेले मेहुणे, चकल्यांचा डबा भरणारी कामवाली बाई आणि मी. पाचही जण नाण्याचे!

लंडनच्या एखाद्या दिवाणखान्यात ही यादी चार माणसांना चार पाने देत असेल. पण पिंपरी-चिंचवडात? २०११ च्या जनगणनेत या शहराची वस्ती १७ लाख २७ हजारांवर गेली होती. मराठवाडा, विदर्भ, खानदेश, सोलापूर, बिहार, केरळ, कुठून कुठून माणसे पोटापाण्यासाठी इथे येऊन राहिली. त्या सगळ्यांना वेटसाहेबांच्या मापाने एकच रंग. एखादे घाऱ्या डोळ्यांचे गृहस्थ सुटतीलही, पण त्यांचे केस त्यांना पुन्हा दगा देणार.

हसू येते खरे. पण वाचकहो, आपल्याकडच्या वधूवरांच्या जाहिराती डोळ्यांपुढे आणा. 'गोरी, सडपातळ, उंच' या तीन शब्दांत आपणही पिढ्यान्पिढ्या मुलींची पाने काढीत आलोच की! वेटला नावे ठेवण्याआधी आपली वही तपासलेली बरी.

दुसरे माप वयाचे आणि स्त्री-पुरुषाचे. चाळीस वर्षांच्या आतला पुरुष असेल तर राजा. चाळिशी उलटलेला असेल तर घोडेस्वार. स्त्री चाळिशीपुढची असेल तर राणी. आणि चाळिशीच्या आतली कोणतीही स्त्री असेल तर हुजऱ्या.

"म्हणजे माझी लेक..." बहीण थबकली.

"नाण्याचा हुजऱ्या," वहिनी ओशाळून म्हणाल्या. "आता बरेच जण असं मानत नाहीत हो. पण पुस्तकात तसं आहे."

खरे सांगते, त्या कारखान्यात या घटकेला जी मुलगी पंधरा माणसांच्या कामाचा हिशेब देत होती, ती इकडे सतरंजीवर गुलामाची चुलतबहीण होऊन पडली होती. आणि तिच्याच वयाचे औंधचे ते स्थळ, काही न करता, राजा!

वेटच्या बाजूनेही एक गोष्ट सांगितली पाहिजे. आपले माप अपुरे आहे हे त्याला उमगले होते. स्वभाव पाहून पान बदलायला हरकत नाही, असे तो म्हणतो. सावळा माणूस फार उत्साही असेल तर त्याला नाण्याऐवजी तलवारीचे पान द्यावे. गोरा पण सुस्त असेल तर काठीऐवजी पेल्याचे द्यावे. याहून महत्त्वाची सवलत पुढे आहे. प्रश्न माणसाचा नसून एखाद्या कामाचा असेल, तर त्या कामाला शोभणारे पान प्रतिनिधी म्हणून घ्यावे. त्याचे उदाहरण कोर्टाचे आहे. दावा लावावा लागेल का, असा प्रश्न असेल तर न्यायाचे पान घ्यावे. ही सवलत ध्यानात ठेवा. आमच्या संध्याकाळचा सगळा गुंता पुढे तिच्यातच निघाला.

कमरेची सुपारी

माणसाच्या जागी दुसरी वस्तू ठेवणे आपल्याला नवे नाही. गणपती नसला तर सुपारी ठेवून आपण त्याची पूजा करतो. श्राद्धाला ब्राह्मण मिळाले नाहीत तर दर्भाचे चट मांडतो. आणि पूजेला पत्नी हजर नसली तर यजमान कमरेला सुपारी लावून बसतो, हे आपण लहानपणापासून पाहत आलो. प्रभू रामचंद्रांनी अश्वमेधाच्या वेळी सोन्याची सीता करून शेजारी बसवली, ही कथा तर प्रत्येक आजीने सांगितलेली.

ह्या चालींमागे एक शहाणपण आहे. जे माणूस जवळ नाही त्याची जागा रिकामी ठेवायची नाही, त्याची आठवण धरून कार्य करायचे. त्यात प्रेम आहे, आदर आहे. पण त्यात एक उणीवही आहे. सुपारीला कोणी काही विचारत नाही. ती बोलत नाही, रुसत नाही, 'मला हे मान्य नाही' असे म्हणत नाही. सोन्याची सीता यज्ञाला बसली तेव्हा खरी सीता वाल्मीकींच्या आश्रमात होती, आणि तिचे मत काय हे त्या मंडपात कोणी विचारले नव्हते.

जन्माक्षराचेही असेच. २७ नक्षत्रे, प्रत्येकाचे चार चरण, म्हणजे १०८ चरण आणि तितकीच आद्याक्षरे. त्यांतल्या एकावरून बाळाचे नावरस नाव ठरते. वेटच्या सोळा चित्रांपेक्षा आपले १०८ खाने कितीतरी बारीक. तरीही खाना तो खानाच. आणि तो निवडला जातो तेव्हा बाळ पाळण्यात झोपलेले असते!

हजेरीचे कार्ड

मेहुण्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवले. "पान कसलं निवडता? आमचं पान कंपनीनं निवडलं होतं," ते म्हणाले, आणि आतून एक जुना पत्र्याचा डबा घेऊन आले. त्यात त्यांनी जपून ठेवलेले हजेरीचे एक जुने जाड कार्ड होते. वर टोकन नंबर, खाली तारखा आणि घड्याळाने मारलेले आत-बाहेरचे शिक्के.

या पट्ट्याची सगळी कहाणीच त्या कार्डावर होती म्हणा ना. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. मग साठीच्या दशकात आकुर्डी-पिंपरीकडे मोटारींचे, स्कूटरांचे मोठे कारखाने आले. वस्ती वाढली, तसे १९७० साली नगरपालिका, १९७२ साली नवनगर विकास प्राधिकरण आणि १९८२ साली महानगरपालिका झाली. पुढे कारखान्यांनी उत्तरेकडे मोर्चा वळवला. जिथे १६६० साली फिरंगोजी नरसाळ्याने शाहिस्तेखानाला दीड महिन्याहून अधिक काळ किल्ल्याबाहेर रोखून धरले, त्या कांद्याच्या बाजारपेठेच्या चाकणला आज गाड्यांचे सुटे भाग आणि अख्ख्या गाड्या तयार होतात. आणि ह्या सबंध पट्ट्यात लाखो माणसे रोज फाटकाशी स्वतःऐवजी आधी एक कार्ड पुढे करतात.

"बत्तीस वर्षं," मेहुणे म्हणाले. "पगाराच्या खिडकीवर नाव कधी विचारलं नाही. नंबर सांगायचा." त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. पण ते कार्ड त्यांनी नाण्याच्या हुजऱ्याशेजारी ठेवले आणि दोन्हींकडे पाहून मला चटका लागला. दोन्ही पाने दुसऱ्याने निवडलेली होती.

पानाला कळते का?

आता सुज्ञ वाचक विचारतील, हे सगळे खरे असते का? या प्रश्नाला बगल देऊन चालणार नाही.

पिसलेल्या पत्त्यांतून कोणते पान वर येईल हे योगायोगाने ठरते. पत्त्यांना चाकण ठाऊक नाही की चेन्नई ठाऊक नाही. आपल्या पुण्यातच याच्या जवळचा एक प्रयोग झाला, तो सांगण्यासारखा आहे. डॉ. जयंत नारळीकर यांनी डॉ. नरेंद्र दाभोलकर व इतर सहकाऱ्यांच्या मदतीने २००८ साली ज्योतिषांना आवाहन केले. हुशार मुले आणि मतिमंद मुले अशा दोन गटांतल्या २०० मुलांच्या कुंडल्या गोळा केल्या होत्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यांतल्या चाळीस देऊन विचारले, कोणती कुंडली कोणत्या गटातली? २७ ज्योतिषांनी उत्तरे पाठवली. त्यांतली बरोबर निघाली सरासरी ४६ टक्के. नाणे उडवून सांगितले असते तरी निम्मी बरोबर आली असती! तात्पर्य, कागदावर मांडलेल्या खुणेतून समोर नसलेले माणूस ओळखता येत नाही. जी गोष्ट कुंडलीची, तीच पत्त्याची.

मग प्रतिनिधी पानालाही अर्थ नाही का? मला वाटते, उलट सगळ्या टॅरोत अर्थ असलाच तर तो ह्या एका पानात आहे. कारण एवढे एकच पान योगायोगाने येत नाही, ते माणूस निवडतो. ७८ चित्रे समोर पसरली आणि 'यांतली तू कोण?' असे कोणी विचारले, तर उत्तर द्यायला थांबावे लागते. ते उत्तर भविष्याविषयी काही सांगत नाही, पण उत्तर देणाऱ्याविषयी पुष्कळ सांगते. पूर्वी देवळाबाहेर बसणाऱ्या पोपटवाल्याकडे ही सोय नव्हती. तिथे पोपट पाकीट ओढी आणि आपण पैसे देऊन निघत असू.

मात्र त्याला एक अट आहे. ज्याचा प्रश्न, त्यानेच पान निवडले पाहिजे.

दोन पाने, दोन प्रश्न

साडेसातच्या सुमारास भक्ती-शक्ती चौकात कंपनीची बस थांबली असावी, कारण थोड्याच वेळात भाची दारात उभी राहिली. पाठीवर पिशवी, गळ्यात ओळखपत्राची फीत. पत्ते झाकायला कोणाला वेळच मिळाला नाही.

"मावशी! कधी आलीस?" म्हणत ती आत आली आणि सतरंजीकडे पाहून थांबली. तोवर हुजऱ्या बाजूला सारून तिच्या आईने दुसरे पान मध्यभागी ठेवले होते. प्रेमी युगुलाचे. वेटची ती सवलत वहिनींनी समजावून दिली होती ना, कामाला शोभणारे पान घ्या म्हणून!

"हे कोणासाठी?"

कोणी बोलेना. शेवटी वहिनींनीच खरे काय ते सांगितले. त्यांचे मला कौतुक वाटले.

भाची चिडली नाही. हातपाय धुऊन आली आणि सतरंजीवर बसली. "काकू, सगळी पानं बघू?" म्हणून तिने एकेक चित्र निरखले. दहा मिनिटे तरी गेली असतील. मग तिने एक पान काढून प्रेमी युगुलाच्या शेजारी ठेवले. नाण्याची अठ्ठी. तिच्यावर एक कारागीर बाकावर बसून हातोडी-छिन्नीने नाण्यावर नक्षी कोरतो आहे, घडवलेली नाणी खांबावर टांगली आहेत, आणि मागे लांब गाव दिसते आहे. काम, कसब, हातातली विद्या, असा त्या पानाचा अर्थ वहिनींच्या वहीत होता.

"हा माणूस पुरुष आहे, पण चालेल," ती हसून म्हणाली. "आई, तू जे पान ठेवलंस तो तुझा प्रश्न आहे. माझं लग्न कधी होईल, हा. माझा प्रश्न हा आहे. मी जे शिकले ते मला पुरतं करून बघायचंय. त्याचं उत्तर पत्त्यांकडे नाही गं, माझ्याकडेच आहे. तू विचारलं असतंस तर सांगितलं असतं."

"तू कुठे काय बोलत होतीस?" आई म्हणाली.

"तू कुठे विचारत होतीस?"

त्या दोन वाक्यांत कितीतरी घरांची कथा आली! पान निवडणे म्हणजे प्रश्न निवडणे. माझ्या बहिणीने वाईट चिंतले नव्हते. आईच्या काळजीने तिने पान ठेवले होते. पण काळजी आईची होती आणि आयुष्य लेकीचे. सुपारी कमरेला लावून एक दिवसाची पूजा होते, संसार होत नाही.

मग भाचीने एक अवघड गोष्ट केली. पत्ते आईपुढे सरकवून ती म्हणाली, "आता तुझं पान काढ."

"माझं कसलं पान? माझं काय आहे?"

"बघ तरी."

वहीप्रमाणे ती नाण्याची राणी ठरली असती. सिंहासनावर, मांडीवर नाणे घेऊन बसलेली. तिने ते पान बाजूला ठेवले. बराच वेळ ती पाने उलटत राहिली. मग एका पानावर तिचे बोट थांबले. त्या पानाचे नाव 'शक्ती'. त्यावर एक बाई आहे. तिच्या हातात तलवार नाही, काठी नाही. ती वाकून दोन्ही हातांनी सिंहाचा जबडा शांतपणे मिटते आहे.

"कंपनी सात महिने बंद होती तेव्हा," ती हळूच म्हणाली, "तू चार वर्षांची होतीस. यांचा पगार नव्हता. मी पहाटे उठून चाळीस डबे करायची. आजूबाजूच्या बिऱ्हाडांतल्या मुलांसाठी. तुला सांगितलं नव्हतं. यांना वाईट वाटेल म्हणून कोणालाच सांगितलं नाही."

मेहुणे काही बोलले नाहीत. त्यांनी आपले हजेरीचे कार्ड उचलले आणि पुन्हा डब्यात ठेवले. मीही तिची थोरली बहीण. मलाही ते चाळीस डबे ठाऊक नव्हते.

कोपऱ्यातली सही

वहिनींनी पाने गोळा करताना मला एक बारीक खूण दाखवली. पानाच्या कोपऱ्यात वेलीसारखी गुंतलेली अक्षरे. ती सही पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीची. वेटने कल्पना दिली, पण ७८ पानांवरची सगळी चित्रे ह्या बाईने रंगवली. काम मोठे आणि मोबदला फारच थोडा, असे तिने स्वतःच एका स्नेह्याला कळवले होते. १९५१ साली इंग्लंडच्या कॉर्नवॉलमध्ये ती वारली तेव्हा अंगावर कर्ज होते. जोडाला नाव मिळाले प्रकाशकाचे आणि लेखकाचे. अलीकडे कुठे लोक त्या दोन नावांना स्मिथ हे तिसरे नाव जोडू लागले आहेत. इतक्या जणांना आपापली पाने देणाऱ्या बाईचे स्वतःचे नाव कोपऱ्यात राहिले होते!

आपल्याकडेही अशी कोपऱ्यातली नावे आता मध्यभागी येऊ लागली आहेत. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने शिधापत्रिकेवर घरातली वडील स्त्री कुटुंबप्रमुख ठरली. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात महाराष्ट्र सरकारने वडिलांच्या नावाआधी आईचे नाव आणले. ही कार्डेही माणसाच्या जागी उभी राहणारी पानेच. ती कोण लिहितो आणि कोणाला विचारून लिहितो, याला महत्त्व आहे.

म्हणून टॅरोची आवड असणाऱ्या भगिनींना माझे चार शब्द सांगणे आहे. विरंगुळा म्हणून खुशाल पाने मांडा. पण आपले प्रतिनिधी पान आपणच निवडा, पुस्तकातल्या रंगरूपाच्या यादीला ते सोपवू नका. आज निवडलेले पान जन्मभराचे समजू नका. माणूस बदलते, पानही बदलू द्या. जे माणूस समोर नाही त्याचे पान त्याच्या नकळत काढू नका. आणि पान दाखवून कोणी भय घालू लागला, शांतीसाठी पैसे मागू लागला, तर उठून घरी या.

त्या संध्याकाळी पुढचे पान उघडलेच गेले नाही. औंधच्या मंडळींना दुसऱ्या दिवशी निरोप गेला तो भाचीने सांगितल्याप्रमाणे : दोन वर्षे थांबण्याची तयारी असेल तर आधी मुलगा-मुलगी भेटू देत, मग थोरांनी बोलावे. ती मंडळी थांबायला तयार झाली नाहीत. बहिणीला चार दिवस वाईट वाटले, पाचव्या दिवशी ती लेकीसाठी मेतकूट आणि भाजणी करायला बसली. जानेवारीत भाची चेन्नईला गेली.

त्या रात्री मात्र वहिनींनी टॅरोचा जोड रेशमी रुमालात बांधला, आणि मेहुण्यांनी कपाटातून नेहमीचे पत्ते काढले. झब्बूचा डाव मध्यरात्रीपर्यंत चालला. गुलाम माझ्या बहिणीकडे तीनदा आला आणि तिन्ही वेळा तिने तो हसत हसत नवऱ्याला दिला.

वाचकहो, फराळ झाला असेल, पत्ते निघाले असतील. डाव वाटण्याआधी घरातल्या एखाद्या माणसाला सहज विचारून पाहा, तुझे पान कोणते? आणि उत्तर यायला वेळ लागला, तर घाई करू नका.